दयाराम कंडक्टरची पाठ

१

आमच्या विद्यापीठात शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला एक सत्र बाहेर काम करावं लागतं. रोज काय काम केलं, काय शिकलो, ते एका वहीत लिहायचं आणि जिथे काम करतो तिथल्या माणसाची सही घ्यायची. माझ्या वर्गातल्या दोघी मुंबईत सिनेमाचे सेट बनवणाऱ्यांकडे गेल्या. माझंही तिथलंच ठरलं होतं, पण ऐन वेळी फिसकटलं आणि मी डोणगावला आले. शेगावच्या आमच्या घरापासून एसटीनं तीन तास.

तिथे शेखर सर चित्रकलेचा क्लास चालवत. खताच्या दुकानावर एक लांबट हॉल होता. जिना बाहेरून, वर चढताना युरियाचा वास यायचा. कला महाविद्यालयांच्या प्रवेश परीक्षेला बसणारी दहा मुलंमुली सकाळी आठ ते दहा यायची. माझं काम म्हणजे मांडणी करून द्यायची, चुका दाखवायच्या आणि दुपारी कागद तपासायचे. राहायला सरांच्याच घरातली मागची खोली होती.

दुसऱ्या आठवड्यात सर म्हणाले, "मयुरी, पोरं माणूस फार कच्चा काढतात. खराखुरा माणूस बसवू."

सोमवारी दयाराम कंडक्टर आले. सगळे त्यांना कंडक्टरच म्हणत. एसटीतून निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी वरच्या खिशात पेन आणि शिट्टी असायची. सावळा, उभट चेहरा, पिकलेल्या बारीक मिशा, डाव्या भुवईत एक पांढरा केस. मी हॉलच्या मध्यभागी खुर्ची ठेवली, तिचं तोंड खिडकीकडे केलं. खुर्चीच्या पायांभोवती आणि त्यांच्या चपलांभोवती खडूनं रेघा मारल्या, म्हणजे मधे उठले तरी पुन्हा तसंच बसता येईल. भोवती गोल दहा जागा. त्यांना नंबर दिले. एक नंबर खिडकीपाशी, त्यांच्या अगदी समोर. सहा नंबर दारापाशी, त्यांच्या बरोबर मागे.

"हालायचं नाही ना?" त्यांनी विचारलं.

"श्वास घेतला तर चालेल, बाबा," मी म्हटलं. मुलं हसली.

दीड तास ते दगडासारखे बसले. मी गोल फिरून मुलांचे हात पाहत होते. सगळं नेहमीसारखं होतं. वहीत मी तसंच लिहिलं.

२

दुपारी कागद तपासायला घेतले. मी आधी प्रमाण बघते, मग चेहरा. पाच कागद झाल्यावर जरा अडखळले. सहावा पाहिला, सातवा पाहिला, मग दहाही कागद पलंगावर नंबराप्रमाणे गोल मांडले.

दहाही कागदांवर समोरून चेहरा होता.

पहिल्यांदा मला रागच आला. ज्यांना मागची बाजू आली त्यांनी आळस केला, शेजाऱ्याचं पाहून चेहरा काढला. माणसाचं डोकं मागून काढायला कोणाला आवडत नाही हे मलाही माहीत आहे. आम्हीही पहिल्या वर्षी मॉडेलच्या समोरच्या जागेसाठी भांडायचो.

मग मी सहा नंबरचा कागद उचलला. तो अर्पिताचा होता. अर्पिता वर्गातली सगळ्यात प्रामाणिक मुलगी, जे दिसतं तेच काढते, म्हणून तिची चित्रं कधीकधी कुरूप होतात. तिच्या कागदावर दयारामबाबांचा चेहरा होता, भुवईतल्या पांढऱ्या केसासकट. त्यांच्या खांद्यामागे खिडकीची जाळी होती. आणि खिडकीशी मांडीवर बोर्ड घेऊन बसलेला एक नंबरचा धम्मरत्न होता.

धम्मरत्नच्या कागदावरही चेहरा होता. त्याच्या खांद्यामागे दार होतं, आणि दारापाशी मान वाकवून चित्र काढणारी अर्पिता.

म्हणजे दोघंही आपापल्या जागेवरच बसले होते. मधे बसलेला माणूस दोघांकडे तोंड करून होता.

पंखा चालू होता. कागद उडू नयेत म्हणून मी प्रत्येकावर काहीतरी ठेवलं, पेन्सिलीचा डबा, कंगवा, मोबाईल. आणि बराच वेळ त्या गोलाच्या मधे, पलंगावर उरलेल्या रिकाम्या जागेकडे पाहत बसले.

३

"मॅडम, ते माझ्याकडेच तोंड करून बसले होते," अर्पिता म्हणाली. संध्याकाळी मी तिला बोलावून घेतलं होतं, तिला वाटलं मी ओरडणार. "मी काहीच कॉपी नाही केलं."

"अगं पण खुर्चीचं तोंड खिडकीकडे होतं."

"हो."

"आणि तू दारापाशी होतीस."

"हो मॅडम." मग हळूच म्हणाली, "पण दिसत होतं ना."

शेखर सरांनी कागद हातात घेतले, चाळले, परत दिले. "पोरांच्या डोक्यात चेहरा बसलेला असतो गं. डोळे बघतात एक आणि हात काढतो दुसरंच. उद्या तूच बस तिथं आणि काढून दाखव त्यांना."

मंगळवारी मी सहा नंबरवर बसले. मनाशी ठरवून बसले होते की मी मानेचा खड्डा, कानांच्या मागच्या कडा, कॉलर, हेच काढणार. खुर्ची मी स्वतः लावली. चपला खडूच्या रेघांत होत्या आणि त्यांचे चवडे खिडकीकडे होते. हे मी पाहिलं. मग कोळसा हातात घेतला.

पुढचं सांगताना मला माझीच लाज वाटते. मला काहीही चुकीचं वाटलं नाही. मी दीड तास मन लावून काढलं. नाकाची सावली कुठे पडते ते पाहिलं, मिशांखालचा ओठ दोनदा पुसला. मधे एकदा त्यांनी माझ्याकडे पाहून पापण्या मिटल्या, म्हणून मी हसलेसुद्धा. कागद गुंडाळून जिना उतरले, खताच्या दुकानासमोर आले, आणि तिथे रस्त्यातच थांबले.

नाकाची सावली. मी मागे बसून नाकाची सावली काढली होती.

बुधवारी मी मोबाईल घेऊन त्यांच्याभोवती फिरले आणि आठ फोटो काढले. आठही फोटोंत मागची भिंत वेगळी आहे. खिडकी, फळा, कपाट, दार, पुन्हा खिडकी. आठही फोटोंत दयारामबाबा कॅमेऱ्याकडे पाहत आहेत.

"बाबा, तुम्ही माझ्याबरोबर वळत होता का?"

"नाही बाप्पा," ते म्हणाले. "तुमीच म्हणल्या ना, हालू नका."

४

क्लास सुटल्यावर ते लगेच जात नसत. सगळे कागद एकेक करून बघत. पहिल्या दिवशी मला ती हौस वाटली होती. आता लक्ष देऊन पाहिलं तर ते चित्रं बघतच नव्हते. कागद उचलायचा, एक नजर टाकायची, खाली ठेवायचा. काहीतरी शोधत असल्यासारखं. शेवटचा कागद ठेवला की विचारायचे, "बस? आणखी नाही?"

त्या बुधवारी मी त्यांच्यासमोर स्टूल ओढून बसले. "काय शोधता बाबा?"

ते थोडं हसले. शिट्टी खिशातून काढली, पुसली, परत ठेवली.

"एकतीस वर्षं कंडक्टर होतो," ते म्हणाले. "माह्या गाडीत कोणी बिनतिकिटाचं नाही बसलं. साहेब लोक इचारत, दयाराम, तू करते काय? मी काहीच नव्हतो करत. पॅसेंजर म्हणत, कंडक्टर आपल्याकडंच पाहून राह्यला. मागच्या सीटवाला बी तेच म्हणे, पुढचा बी तेच."

"मग?"

"मग काय. मले वाटे आपली नजर चांगली हाय." त्यांनी कागदांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला. "सर म्हणाले, पोरं चारी बाजूनं चित्र काढतात. म्हणून आलो बाई. म्हटलं, कोणी तरी मागून काढन. मी मागून कसा दिसतो, मले माहीतच नाही."

"सलूनमध्ये मागे आरसा धरतात ना?"

"धरतात." त्यांचा आवाज जरा खाली गेला. "त्यात बी तोंडच दिसते."

खालच्या दुकानात कोणीतरी पोती आपटत होतं. ते म्हणाले, "इथं लय जड वाटते," आणि हात मागे नेऊन मानेखाली बोट टेकवायचा प्रयत्न केला. हात पोचला नाही. मी तो हात पाहत होते. खांद्यावरून मागे गेला आणि, कसं सांगू, तिथून पुढे तो कुठे गेला ते मला आज आठवत नाही. चेहरा आठवतो. ओशाळलेला.

५

मी हुशारीनं वागायचं ठरवलं. माणसाच्या पाठीला माणसं हात लावतातच.

त्यांचा न्हावी बसस्टँडजवळच होता. मी जाऊन सरळ विचारलं. "कंडक्टरची मागची कटिंग कोण करतं?"

"मीच करतो. वीस वर्षं झाली."

"कशी आहे? म्हणजे मागून डोकं कसं आहे?"

"कसं म्हणजे? कटिंगसारखी कटिंग." तो दुसऱ्या गिऱ्हाइकाचे केस कापत होता. कात्री दोनदा चालली, मग थांबली. त्यानं गिऱ्हाइकाच्या मानेकडे पाहिलं, मग आरशात पाहिलं. "काऊन इचारता?" असं म्हणाला आणि मी काही सांगायच्या आत पाठ फिरवून रेडिओ मोठा केला.

त्यांचं घर गावाच्या कडेला बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत होतं. निळ्या रंगाचं, स्वच्छ, अंगणात शेवग्याचं झाड. दयारामबाबा घरी नव्हते. कलाबाई, त्यांची बायको, शेवग्याच्या शेंगा सोलत होत्या. मी क्लासची बाई म्हटल्यावर पाट दिला, पाणी दिलं. माझ्या गावाची, आईबापांची चौकशी केली. मग मी विषय कसा काढावा याचा विचार करत असताना त्याच म्हणाल्या, "त्यायच्या पाठीचं इचाराले आल्या ना?"

मी मान हलवली.

"एक्केचाळीस वर्षं झाली लग्नाले," त्या शेंगेचा दोरा ओढत म्हणाल्या. "मी त्यायची पाठ नाही पाह्यली."

"आंघोळीला पाठ चोळायची म्हटलं तर? कामाला जाताना?"

"चोळते ना. हाताले लागते, डोळ्याले नाही दिसत. अन जाताना..." त्या थांबल्या. "गल्लीच्या तोंडापर्यंत जात तरी तोंड माह्याकडंच. बाया मले हसत. म्हणत, कला, नवरा पाय लावून पळते अन मान इकडंच. मले वाटे, जीव लय हाय माह्यावर." त्यांनी शेंगा बाजूला सारल्या. "अजून बी तसंच वाटते. दुसरं काय समजावं माणसानं?"

हाताले लागते. परत येताना रस्ताभर ते दोन शब्द माझ्या डोक्यात होते. मी चित्रकार नव्हते. मी माती लावणारी मुलगी होते.

६

"हे वहीत लिहू नकोस," शेखर सर म्हणाले. आठ फोटो पाहिल्यावर त्यांनी मोबाईल उलटा करून टेबलावर ठेवला होता. "तुमच्या विभागाला काय उत्तर देणार मी? पुढच्या आठवड्यात दुसरं कोणी बसवू."

"एकदाच, सर. रविवारी. क्लास नसताना."

ते नाही म्हणाले नाहीत.

रविवारी सकाळी अकराला दयारामबाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले. सोबतीला मी अर्पिताला बोलावलं होतं. फिरत्या पाटावर तारेचा सांगाडा, त्यावर मातीचा गोळा. मी ओढणीची घडी केली आणि डोळ्यांवर घट्ट बांधून घेतली.

"काय करून राह्यल्या?" बाबांनी विचारलं.

"बघत नाही आता. हातानं बघते."

अर्पितानं मला खांदे धरून त्यांच्या मागे नेऊन उभं केलं. मी डावा हात पुढे केला.

केस लागले. बारीक कापलेले, खरखरीत. कान लागले, मागच्या बाजूनं, थंड. कवटीचा फुगवटा, त्याखाली खड्डा, मानेच्या दोन जाड शिरा, मधे दोन आडव्या वळ्या. खालच्या वळीत घाम. कॉलरच्या आत एक मोठा मस. सगळं एखाद्या म्हाताऱ्या माणसाचं असावं तसंच होतं. मला इतकं हलकं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. डाव्या हातानं चाचपायचं आणि उजव्या हातानं मातीत तसंच करायचं. मधेमधे अर्पिता माझी बोटं वाटीतल्या पाण्यात बुडवून द्यायची. किती वेळ गेला कोण जाणे. एकदा फक्त बाबा म्हणाले, "तिथं. तिथंच जड वाटते." मी तिथे अंगठा दाबला. त्यांनी मोठा श्वास सोडला, आणि माझ्या हाताखाली मानेचा ताण एकदम उतरला. गाठ सुटावी तसा.

ओढणी सोडली तेव्हा उजेडानं डोळे दिपले. पाटावर डोक्याची मागची बाजू होती. पुढे नुसती सपाट माती, चेहरा मी केलाच नव्हता.

दयारामबाबा खुर्चीवरून उठून पाटासमोर आले. कमरेत वाकून पाहत राहिले. मग एक बोट मातीतल्या वळीवर ठेवलं.

"असा हाय का मी," ते म्हणाले.

"असे आहात, बाबा."

"माह्या बापासारखी मान हाय." ते हसले. मग रुमालानं डोळे पुसले, मला हात जोडले, आणि निघाले. जिन्यावर त्यांच्या चपला वाजत गेल्या.

आम्ही दोघी खिडकीशी गेलो. ते रस्त्यानं चालले होते. पाठ वाकलेली, डावा खांदा खाली, मानेवर उन्हाची तिरीप.

"मॅडम," अर्पिता म्हणाली, "किती वाकलेत ना ते."

ती सहज म्हणाली. मीही हो म्हटलं. आम्ही दोघी त्यांची पाठ बघत होतो हे आम्हाला कळेपर्यंत ते आणखी चारपाच पावलं गेले होते. मग अर्पितानं माझा हात धरला आणि आम्ही वेड्यासारख्या हसलो. संध्याकाळी वहीत मी लिहिलं, स्पर्शावरून व्यक्तिशिल्प, पाच तास. सरांनी न वाचता सही केली.

७

मंगळवारी दुपारी कलाबाई क्लासवर आल्या. उन्हात चालत आल्या होत्या. पाणी दिलं तर पेला हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

"बाई, तुमी काय केलं वं?"

"काय झालं मावशी? बाबा बरे आहेत ना?"

"बरेच हायेत. जेवतात, बोलतात. लय खूश हायेत." त्यांनी पेला न पिता खाली ठेवला. "रविवारपासून त्यायचं तोंड नाही दिसलं मले."

मला समजलं होतं, तरी मी न समजल्यासारखं केलं. म्हटलं, रुसले असतील, भिंतीकडे तोंड करून बसत असतील. असं होतं म्हाताऱ्या माणसांचं.

"मी फिरून पाह्यलं ना," त्या म्हणाल्या. "या बाजूनं गेली तरी पाठ. त्या बाजूनं गेली तरी पाठ. घास देते तर हात पुढं नेते, पुढं नेते, अन बोटाले मिशा लागतात. घास जाते. दिसत काहीच नाही." मग त्यांनी हॉलमध्ये पाहिलं. "कुठं हाय ते मातीचं?"

मी ओला कपडा काढून दाखवलं. त्यांनी ते डोकं पाहिलं. रडल्या नाहीत, काही नाही. फक्त म्हणाल्या, "मोडा."

मला वाईट वाटलं हे कबूल करते. विद्यार्थी म्हणून केलेलं माझं ते सगळ्यात चांगलं काम होतं. मी दोन्ही तळहातांनी ते दाबलं, वळ्या पुसल्या, कान उपटले, सांगाड्यावरून माती ओरबाडून पुन्हा गोळा केला. हात कोपरापर्यंत भरले. कलाबाई शेवटपर्यंत बघत होत्या.

"आता चला," त्या म्हणाल्या.

८

दुपारचे साडेतीन वाजले असतील. गल्लीत कोणी नव्हतं. अंगणात शेवग्याच्या सावलीत बाजेवर दयारामबाबा बसले होते. मला कॉलर दिसली, दोन आडव्या वळ्या दिसल्या, मस दिसला.

मी बाजेला वळसा घातला. कॉलर, वळ्या, मस. पुन्हा उलट्या बाजूनं गेले. पायांकडे पाहत गेले तर चपलांच्या टाचा माझ्याकडे होत्या. चार वेळा गेले. चौथ्या वेळी मला भोवळ आली आणि मी शेवग्याचं खोड धरलं. मी झोपलेली नव्हते, तापानं फणफणलेली नव्हते. सकाळी पोळी-भाजी खाल्ली होती. हातांवर वाळलेली माती होती आणि ती ताणत होती. हे सगळं मी एकेक करून मनात म्हटलं.

"बाबा," मी हाक मारली.

"बोला बाई." आवाज स्वच्छ होता, फक्त दुसरीकडे तोंड करून बोलल्यासारखा. "लय उपकार झाले तुमचे. पाठ एकदम हलकी झाली. पाखरासारखी."

"माह्याकडं पाहा ना वो," कलाबाई म्हणाल्या. त्या माझ्या बाजूलाच, बाजेपासून दोन हातांवर उभ्या होत्या. "एकदा पाहा."

"पाहूनच तं राह्यलो, कला," ते लाडानं म्हणाले. "समोरच तं हायेस माह्या. आज नवं लुगडं काऊन नेसलीस?"

कलाबाईंनी खाली आपल्याकडे पाहिलं. त्यांच्या अंगावर रोजचं विटकं हिरवं पातळ होतं.

"मी नाही नेसली," त्या म्हणाल्या.

बाबांनी ऐकलं नाही. हसले. मान किंचित तिरकी झाली, कोणाचं तरी बोलणं ऐकताना होते तशी. "ठेव, ठेव," ते म्हणाले. "बाईले बी दे अर्धा कप."

घरात चूल पेटलेली नव्हती. गॅसही बंद होता, दारातून मला दिसत होता. पण कपबशीचा आवाज झाला. बशीत कप जरा घसरल्याचा, अगदी जवळून, त्या पाठीच्या पलीकडून. त्यांचा उजवा हात पुढे गेला. कोपर परत आलं. मग त्यांनी चहा पिताना फुर्रकन आवाज केला, आणि मला चहाचा वास आला. आलं घातलेला.

कलाबाई पुढे झाल्या. त्यांनी हात लांब करून नवऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे नेला. तो हात मनगटापर्यंत गेला, आणि त्या एकदम थांबल्या. त्यांनी हात मागे घेतला, पदरात गुंडाळला.

"काय झालं?" मी विचारलं.

"कोणी तरी धरला," त्या म्हणाल्या. "बांगड्या होत्या हातात."

पलीकडे दयारामबाबा बोलत होते. डेपोतल्या कुठल्याशा गमतीची गोष्ट सांगत होते आणि मधेमधे थांबत होते. त्या थांबण्यात बाईमाणसाचं बारीक हसू ऐकू येत होतं. त्यांची पाठ हसण्यानं हलत होती. इतकी सुखी पाठ मी पाहिली नाही.

मला पळून जायचं होतं. पण कलाबाईंनी माझा हात धरला होता, वाळलेल्या मातीसकट. त्या बराच वेळ ते हसू ऐकत राहिल्या. मग माझ्या अगदी जवळ येऊन, बाजेवरच्या माणसाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं त्यांनी विचारलं,

"बाई, इकडं मीच हाय ना वं?"

मी हो म्हणणार होते. श्वास घेतला होता.

"हो मावशी," त्या पाठीच्या पलीकडून उत्तर आलं. "तुम्हीच आहात."

आवाज माझा होता. कलाबाईंनी मान हलवली, त्यांना बरं वाटल्यासारखं दिसलं. मग त्यांचं लक्ष माझ्या मिटलेल्या ओठांकडे गेलं, आणि त्यांनी माझा हात सोडला.